बार्शी लाइटची छोटी प्रतिकृती

कुर्डुवाडी स्टेशनाचे जुने नाव बार्शी रोड. नावातच सारी हकीकत आली. मुंबईहून पुण्यावरून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा रुंद मार्ग १८६० साली सोलापूरला पोचला, पण बार्शीसारखी मोठी बाजारपेठ त्याने वीसएक मैल बाजूलाच ठेवली. बार्शीला जायचे असेल तर इथे उतरा आणि पुढे बैलगाडी पाहा, असा या 'रोड' शब्दाचा अर्थ होता. बार्शीचा कापूस आणि धान्य याच वाटेने, बैलांच्या मानेवर, रुळांपर्यंत येई.

या वाटेवर पुढे जी चिमुकली रेल्वे झाली तिला आपल्याकडची माणसे 'बार्शी लाइट' म्हणत. ती आज नाही. रूळ उखडले, रुंद मार्ग आला, आणि आला ते चांगलेच झाले. अडीच फुटी गाडीतून रडतखडत जाण्याची हौस रोज प्रवास करणाऱ्याला नसते. पण या रेल्वेची आठवण आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. इंजिनांची छायाचित्रे आहेत, कारण इंजिनांचे शौकीन ती काढून गेले. कागदपत्रे आहेत, ती बहुतेक नफ्यातोट्याची आणि मैलांची. ती गाडी प्रत्यक्षात दिसे कशी, कुठे मळे, कुठे झिजे, कोणाच्या हातांनी चाले, हे मात्र माणसांच्या डोक्यात आहे आणि ती माणसे थकत चालली आहेत. म्हणून शाळाशाळांतल्या गुरुजींना आणि बाईंना आज एक उद्योग सुचवायचा आहे : या रेल्वेची एक लहान प्रतिकृती आपल्या हातांनी करावी. आणि ती नवी कोरी करू नये, वापरलेली करावी.

आधी रेल्वेची थोडी ओळख करून घेऊ.

एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनियर १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. कमी खर्चात खेड्यापाड्यांपर्यंत रेल्वे कशी न्यावी, या विचाराने त्याला पछाडले होते. माणूस मोठा हरहुन्नरी. त्याला अरबी घोड्यांचा षोक होता, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्रीही तयार केली होती. पण आपल्याला त्याचे नाव घ्यायचे ते बार्शीसाठी. १८९५ साली लंडनला बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन ही गाडी धावू लागली. दोन रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट.

काल्थ्रॉपची मुख्य युक्ती ओझ्याच्या वाटणीची होती. ती समजली की ही रेल्वे समजली. चार मणांचे पोते एकट्या हमालाच्या डोक्यावर दिले तर त्याचा पाय मातीत रुतेल. चौघांनी मिळून उचलले तर पायाखालची माती हलणारही नाही. काल्थ्रॉपने ठरवले, की इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण असो, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. मग रूळही हलके चालतात : यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे. लीड्सच्या किटसन कारखान्याची पहिली इंजिने म्हणूनच लांबट होती. जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार, म्हणजे एकंदर सहा आसांवर भार वाटलेला. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे, सगळे एकाच मापाचे, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. एका वाघिणीचा भाग मोडला तर दुसरीचा चालावा, हा हेतू.

पुढे ही रेल्वे वाढत गेली. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला तडवळे आणि लातूर, आणि १९२७ साली पंढरपुराहून थेट मिरज. एकूण लांबी २०२ मैल झाली. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत मिसळली. या शतकाच्या आरंभी रुंदीकरण सुरू झाले. २००८ साली कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद झाला, त्यानंतर मिरजेकडचाही झाला. लातूरकडची नवी आखणी धाराशिव शहराजवळून गेली, म्हणून त्या बाजूला जुन्या मार्गाचे काही तुकडे मागे राहिले.

आता प्रतिकृतीकडे वळू. पहिला प्रश्न मापाचा. मी म्हणेन, एका फुटाला अर्धा इंच धरा. म्हणजे प्रतिकृती मूळ वस्तूच्या चोविसाव्या हिश्शाची झाली. हे प्रमाण शाळेला सोयीचे आहे, कारण हिशेब मुलांना तोंडी करता येतो. अडीच फुटांचे रूळ सव्वा इंचावर येतात. पंचवीस फुटांची वाघीण साडेबारा इंचांची, साडेतीन इंच रुंद. साडेपाच फूट उंचीचा माणूस पावणेतीन इंचांचा. आणि गंमत पाहा, मोठ्या गाडीच्या रुळांमधले अंतरही साडेपाच फूटच असते, म्हणून तेही पावणेतीन इंच. एक गडी आडवा झोपला तर मोठ्या रुळांच्या मधोमध बरोबर मावतो. छोट्या रुळांत त्याचे अर्धे अंगही मावत नाही. दोन रेल्वेंतला फरक मुलांना याहून चांगला कसा सांगणार?

बार्शी रोडपासून बार्शीपर्यंतचा सगळा मार्ग मात्र या मापाने करायला बसलात तर जवळजवळ एक मैल जागा लागेल. तेव्हा निवड करावीच लागते, आणि इतिहासाचे खरे काम इथून सुरू होते. काय घ्यायचे, काय सोडायचे, का सोडायचे? यावर वर्गात खुशाल वाद होऊ द्या. माझे मत विचाराल तर कुर्डुवाडीचा माल बदलण्याचा फलाट घ्यावा. मोठी वाघीण छोट्या रुळांवर जाऊ शकत नाही आणि छोटी मोठ्यांवर. त्यामुळे मुंबईकडे जाणारा प्रत्येक गठ्ठा आणि मुंबईहून येणारी प्रत्येक पेटी इथे माणसाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जात असे. काल्थ्रॉपने रूळ हलके करून जो पैसा वाचवला, त्यातला काही भाग या हमालांच्या खांद्यांनी भरला असे मी म्हणतो. एका बाजूला मोठे रूळ, दुसऱ्या बाजूला छोटे, मधे फलाट, त्यावर कापसाचे गठ्ठे आणि पोती. पाच फूट लांब आणि दोन फूट रुंद फळीवर हे सारे बसते.

सालही ठरवा. नुसते 'पूर्वीचे' म्हणून चालणार नाही. समजा १९३५ धरले, तर मिरजेचा फाटा झालेला आहे आणि कंपनीचा अंमल अजून चालू आहे. महिनाही ठरवा. आषाढात करणार असाल तर चिखल आणि वारकरी हवेत. कापसाच्या हंगामात करणार असाल तर धूळ हवी.

गाडी चाललीच पाहिजे असे नाही. विजेची मोटर बसवता आली तर बसवा, नाहीतर हाताने ढकला. सामान आपल्या घरातलेच : जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या, जुन्या डब्याचा पत्रा, तार, सरस किंवा फेविकॉल. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. रूळ जाड करू नका. तीस पौंडी रूळ सुमारे तीन इंच उंचीचा. आपल्या मापाने तो इंचाचा आठवा हिस्सा झाला. बाजारातले खेळण्यातले दणकट रूळ वापरले की बार्शी लाइटचा सगळा जीवच गेला. स्लीपरांमधली खडी दोन इंची धरली तर प्रतिकृतीत ती इंचाचा बारावा हिस्सा, म्हणजे साधारण दोन मिलिमीटर येते. खडी क्रशरवरची बारीक कच चाळणीने चाळून घेतली की काम झाले.

इथपर्यंत ठीक आहे, हे कोणीही सांगेल. आता जुनेपण चढवण्याची गोष्ट सांगतो. तिच्यासाठी जरा विलायतेला जाऊन यावे लागेल, कारण ही कला तिकडे नावारूपाला आली, आणि बार्शीचा धागा तिकडेही पोचलेला आहे. बार्शीच्या अनुभवावर काल्थ्रॉपने इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून अशीच अडीच फुटी रेल्वे बांधली. ती १९०४ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंद पडली. तिच्या दोन्ही इंजिनांवर आपल्याकडच्यासारखे भलेमोठे दिवे होते. त्या हिरव्या, थंड खोऱ्यात त्यांचा फारसा उपयोग नव्हता, पण बार्शीच्या वळणाचे घराणे ते! ही रेल्वे प्रतिकृती करणाऱ्यांची मोठी लाडकी झाली. इंग्लंडात किती तरी घरांच्या माळ्यांवर ती पुन्हा धावली असेल. बार्शीची धाकटी बहीण तिकडे टेबलावर नांदते आणि थोरलीला आपल्याकडे कोणी विचारत नाही.

त्याच देशात जॉन अहर्न नावाच्या गृहस्थाने १९३०नंतरच्या दशकात 'मॅडर व्हॅली' ही आपली काल्पनिक रेल्वे करायला घेतली. त्या काळी प्रतिकृती म्हणजे चकचकीत रंगवलेले इंजिन, अशी समजूत होती. अहर्नने भिंतींना ओल दाखवली, कौले विटकी केली, डब्यांवर काजळी चढवली. रॉय इंग्लंड हा दुसरा माणूस १९२५ साली ऑस्ट्रेलियाहून आला. ऑक्सफर्डच्या दक्षिणेकडच्या खेड्यांत जुनी गवती छपरे जाऊन दुसरीच सामग्री येते आहे, हे पाहून त्याला रुखरुख लागली, आणि ती खेडी जशी होती तशी लहान मापात नोंदवून ठेवण्याचे काम त्याने हाती घेतले. त्यातून १९५४ साली पेंडन संग्रहालय उभे राहिले. अहर्नची मॅडर व्हॅलीही आता तिथेच आहे. आपल्याकडे पुण्यात १९९८ साली भाऊसाहेब जोशी यांनी चालत्या छोट्या गाड्यांचे संग्रहालय लोकांसाठी खुले केले. सहल नेण्यासारखे ठिकाण आहे ते. पेंडनचे काम मात्र निराळ्या जातीचे. तिथे एकेका घरासाठी मूळ घर मोजायचे, त्याचे फोटो घ्यायचे, आणि मगच पुठ्ठ्याला कात्री लावायची, अशी रीत.

ही रीत आपण घ्यावी, पण रंग त्यांचे घेऊ नयेत. विलायती पुस्तक वाचून कोणी बार्शी लाइटला शेवाळ आणि तांबडालाल गंज लावून बसेल, तर ते खोटे होईल. सोलापूर जिल्हा पावसाचा नाही. कोकणात लोखंड एका पावसाळ्यात तांबडे होते. इथे त्याच्यावर आधी धूळ बसते. भीमेच्या खोऱ्यातली काळी माती, तिची उन्हाळ्यात उडणारी राखट धूळ. गाडी धावते तेव्हा ही धूळ खालून उडते, म्हणून चाके, सांगाडा आणि पायऱ्या सर्वांत जास्त मळलेल्या, आणि वर जावे तसा मळ विरळ. छपराचे उलटे : तिथे वरून इंजिनाची काजळी पडते.

असा प्रत्येक डाग कुठून तरी आलेला असतो, आणि मुलांना तेच विचारायचे असते. रुळाच्या बाजू तपकिरी, पण माथा चांदीसारखा चकचकीत, का? चाके तो रोज घासतात. मग ज्या फाट्यावर महिना महिना गाडी येत नाही तिथला माथा कसा असेल? तोही तपकिरी. इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवरून खाली पांढरट ओघळ असतात, कारण आपल्याकडचे पाणी जड. ते सांडून सुकले की क्षार मागे राहतात. जिथे तेल पडते तिथे धूळ चिकटून काळा, तुकतुकीत लेप होतो. ब्रेकच्या बिडाची भुकटी चाकांभोवती तांबूस बसते. ड्रायव्हर-फायरमन ज्या दांडीला धरून चढतात ती मात्र स्वच्छ, हातांनी घासून पॉलिश झालेली. आणि खिडक्यांखालच्या पानाच्या पिचकाऱ्या? त्याही इतिहासच, पण त्या बेताने दाखवा. सगळी रेल्वे लाल कराल.

मला विचाराल तर सगळ्यांत बोलकी जागा डब्याची पायरी. पहिल्या वर्गाच्या दाराने दिवसात चार माणसे चढली तर चढली. तिथल्या पायरीचा रंग शाबूत राहणार. तिसऱ्या वर्गाच्या पायरीवर रंगाचा मागमूस नको, लाकूड मधोमध खोलगट झालेले हवे, दाराची कड खांद्यांनी आणि बोचक्यांनी घासलेली हवी. एकाच गाडीला एकाच दिवशी रंग दिला तरी दोन पायऱ्या निरनिराळ्या झिजतात. गाडीचा खर्च कोणाच्या तिकिटातून निघत होता, ते मुलांना तिथे बोटाने दाखवता येते.

हे करायचे कसे? महागडे रंग आणायला नकोत. गेरू, काजळ, खडूची पूड, पिवळी माती, कोळशाची पूड, चूलीतली राख. हे सारे मलमलच्या कापडातून गाळून घ्या. गाळणे चुकवू नका, कारण आपल्या मापात मातीचा एक मिलिमीटरचा खडा म्हणजे एक इंचाचा दगड झाला. आधी डब्याला मूळ रंग द्या. तो जरा फिका द्या. निखळ काळा कुठेच वापरू नका. इंजिनाच्या काळ्यातही थोडा राखाडी आणि थोडा तपकिरी मिसळा, नाहीतर लहान वस्तूवर तो डांबरासारखा दिसतो. रंग पक्का सुकला की तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून सगळीकडे फासा आणि लगेच फडक्याने वरून खाली पुसा. मळ खाचांत राहतो आणि बाकीचा निघून जातो. आडवे पुसू नका, पाऊस आडवा वाहत नाही. मग कुंचला फिक्या रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर झटका आणि कडांवरून, खिळ्यांच्या डोक्यांवरून हलका फिरवा. शेवटी पूड, मऊ कुंचल्याने, आणि थोडीच. थांबणे हे या कामातले सर्वांत अवघड. मुलांना एकदा गोडी लागली की ती थांबत नाहीत, आणि मग नव्या गाडीऐवजी भंगारातली गाडी तयार होते. कंपनीची गाडी रोज धावत होती, तिची देखभाल होत होती. कुर्डुवाडीला तिचा कारखानाच होता. मळकट गाडी वेगळी आणि मोडकी गाडी वेगळी.

पुस्तकात न सापडणारी माहिती गावात सापडेल. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर, मिरज या भागांत अजून अशी घरे आहेत, की ज्यांतले कोणी ना कोणी या रेल्वेवर फायरमन, सांधेवाला, गँगमन किंवा हमाल होते. मुलांना त्यांच्याकडे पाठवा, पण 'आजोबा, रेल्वेबद्दल सांगा' असे विचारायला लावू नका. त्याला उत्तर 'लई मजा होती' एवढेच येते. बारीक विचारा. पोते खांद्यावर घ्यायचे की पाठीवर? फलाटाची कड कशाची होती? पाणी कुठे प्यायचे? पावसात गठ्ठ्यांवर काय टाकायचे? आत्याबाईंना, आजींनाही विचारा. यात्रेच्या गर्दीत मुले कडेवर घेऊन चढलेल्या त्याच. एक आजोबा म्हणतील डबे लाल होते, दुसरे म्हणतील पिवळे. दोघेही खरे बोलत असतील, कारण साल निराळे असेल. भांडण मिटवण्याची घाई न करता दोन्ही उत्तरे वहीत लिहून घ्या.

आणि फळीवर माणसे ठेवायला विसरू नका. शौकिनांच्या प्रतिकृतीत इंजिन असते, सिग्नल असतो, स्टेशनमास्तर शिट्टी घेऊन उभा असतो आणि यार्डात चिटपाखरू नसते. आपल्या फलाटावर निदान डझनभर हमाल हवेत, वाकलेले. बाहेर बैलगाड्यांची रांग हवी, कारण रेल्वे आली तरी शेतापासून स्टेशनापर्यंतचे ओझे बैलांच्याच मानेवर राहिले. सांडलेले धान्य टिपणारी एखादी बाई हवी की नको, ते आजींना विचारून ठरवा.

काम पुरे झाले की फळी उन्हापासून आणि वाळवीपासून जपा, वर काचेची किंवा प्लॅस्टिकची पेटी घाला. फळीच्या तळाशी एक कागद चिकटवा. त्यावर निवडलेले साल लिहा, कोणत्या गोष्टी मोजून केल्या आणि कोणत्या अंदाजाने केल्या ते लिहा, आणि ज्यांनी माहिती सांगितली त्यांच्या संमतीने त्यांची नावे, गाव आणि रेल्वेवरचे काम लिहा. शाई पसरते, पेन्सिलीने लिहा.